रोबोट आहे का ते नंतर विचारा, आधी वर्षाला किती व्हिपल होतात ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील साठी ओलांडलेले, कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या तर स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली, व्हिपल ऑपरेशन (स्वादुपिंडाचं डोकं आणि लगतचे भाग काढायचं मोठं ऑपरेशन) सांगितलंय. राहत्या शहरातल्या हॉस्पिटलमधे नवीन रोबोट आलाय, ते पुढच्याच आठवड्यात रोबोटिक करायला तयार आहेत, छोटे छेद, लवकर घरी असं सांगतायत. मुंबईच्या मोठ्या कॅन्सर सेंटरला दोन-तीन आठवडे थांबावं लागेल आणि तिथे पोट उघडून करणार. घरचे म्हणतायत एवढं भारी मशीन दारात आलंय तर मुंबईला कशाला जायचं.

मी भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं मोठ्या सेंटरला होते आणि आता वेगवेगळ्या हॉस्पिटलांमधे केस करायला जाते, त्यामुळे तेच ऑपरेशन चार ठिकाणी चार प्रकारे होताना टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने बघायला मिळतं. माझं उत्तर आधीच सांगून टाकते, व्हिपल असेल तर मुंबईला जा, ओपन असलं तरी. आता का ते जरा सविस्तर लिहिते कारण असा प्रश्न हल्ली खूप लोकांना पडतोय.

जे हॉस्पिटल एखादं मोठं ऑपरेशन जास्त संख्येने करतं तिथे पेशंट कमी दगावतात, ही गोष्ट नवीन नाहीये. १९७९ साली हॅरोल्ड लुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जवळपास दीड हजार हॉस्पिटलांचा डेटा घेऊन हे मांडलं होतं. पण खरा धक्का बसला तो २००२ मधे, जॉन बर्कमायर यांच्या अभ्यासाने. त्यांनी अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेतली म्हणजे वयस्कर पेशंटची सुमारे २५ लाख ऑपरेशन्स बघितली, १४ प्रकारची. त्यात स्वादुपिंडाच्या ऑपरेशनचे आकडे असे होते की सगळ्यात कमी संख्या असलेल्या हॉस्पिटलांमधे मृत्यूचं प्रमाण १६.३ टक्के आणि सगळ्यात जास्त संख्या असलेल्या ठिकाणी ३.८ टक्के, आणि हे पेशंटचं वय, बाकीचे आजार वगैरे हिशोबात धरून. आणि "सगळ्यात जास्त" म्हणजे काही शेकडो नाही हं, वर्षाला १६ पेक्षा जास्त, बस. त्याच अभ्यासात मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड रक्तवाहिनीच्या ऑपरेशनचा फरक बघा, १.७ विरुद्ध १.५, म्हणजे जवळपास काहीच नाही. त्यामुळे सगळ्याच ऑपरेशनला मुंबई गाठा असं मी अजिबात म्हणत नाही. पित्ताशय, हर्निया, अपेंडिक्स यासाठी तुमच्या शहरातला चांगला सर्जन उत्तम. पण स्वादुपिंड आणि अन्ननलिका ही दोन ऑपरेशन्स अशी आहेत की कुठे करताय यावर जीव अवलंबून असतो, आणि ही अतिशयोक्ती नाहीये.

आता लोक म्हणतात की बरोबर आहे, सर्जनचा हात बसलेला असतो. ते खरंच, पण अर्धंच खरं. बर्कमायर यांनीच २००३ मधे सर्जनची स्वतःची संख्या आणि हॉस्पिटलची संख्या वेगळी करून बघितली, तर स्वादुपिंडाच्या बाबतीत हॉस्पिटलचा जो फायदा दिसत होता त्यातला निम्म्याहून थोडा जास्त हा सर्जनच्या संख्येमुळे निघाला, फुप्फुसाच्या ऑपरेशनमधे तर साधारण पाव भागच. मग बाकीचा फायदा कुठून येतो?

तो येतो ऑपरेशननंतरच्या दिवसांतून. यावर अमीर घाफेरी, बर्कमायर आणि जस्टिन डिमिक यांचा २००९ चा पेपर आहे, तो मी प्रत्येक ज्युनिअरला वाचायला लावते. जिथे पेशंट जास्त दगावतात ती हॉस्पिटलं आणि जिथे कमी दगावतात ती हॉस्पिटलं, यांच्यात कॉम्प्लिकेशनचं प्रमाण जवळपास सारखंच होतं, २४.६ आणि २६.९ टक्के. म्हणजे गुंतागुंत दोन्हीकडे होतेच. पण मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी मेले किती, तर एकीकडे २१.४ टक्के आणि दुसरीकडे १२.५. हा आजवर मला वाटतं आमच्या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. चांगल्या हॉस्पिटलात लीक होत नाही, म्हणजे आत शिवलेला जोड गळत नाही, असं नाही, लीक झाल्यावर पेशंटला परत आणतात.

व्हिपलमधे हे कसं दिसतं ते सांगते म्हणजे कळेल. या ऑपरेशनमधे स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि पित्ताशय काढतात आणि मग तीन जोड करतात, त्यातला स्वादुपिंडाचा आतड्याशी केलेला जोड सगळ्यात बेभरवशाचा, कारण त्यातली नळी कधी कधी दोन-तीन मिलिमीटरची आणि ग्रंथी लोण्यासारखी मऊ, टाका धरतच नाही. हा जोड गळला की पाचक रस पोटात सांडतो आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती खायला लागतो. पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसून चहा घेत असतो, नातेवाईक खुश असतात. आणि मग सातव्या-आठव्या दिवशी संध्याकाळी ड्रेनच्या नळीत थोडंसं लाल दिसतं. चमचाभर. बीपी ठीक, पेशंट म्हणतो मी बरा आहे. जिथे वर्षाला खूप व्हिपल होतात तिथल्या वॉर्डच्या सिस्टरला हे बघून लगेच शंका येते, ती रजिस्ट्रारला फोन करते, तो सर्जनला, आणि तासाभरात पेशंट सीटी अँजिओला, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनला जातो, कारण या चमचाभर रक्ताला आम्ही धोक्याची पहिली घंटा समजतो, यानंतर काही तासांत किंवा एखाद्या दिवसात पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटू शकते. तिथे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट रात्री येऊन मांडीतून वायर घालून ती जागा कॉइलने बंद करतो, पोट परत उघडावं लागत नाही. जिथे वर्षातून दोन-तीन व्हिपल होतात तिथे तेच रक्त बघून ड्रेन बदलतात, सकाळी राउंडला सरांना दाखवू म्हणतात. यात कुणी निष्काळजी असतं असं नाही, त्यांनी ते आधी बघितलेलंच नसतं हो.

हे माझं नुसतं मत नाही याचा पुरावा नेदरलँड्सने दिलाय. त्या देशात स्वादुपिंडाची ऑपरेशन्स मोजक्याच सेंटरमधे होतात, तरी त्यांनी अजून एक पाऊल टाकलं. ऑपरेशननंतर रोज पेशंटचं काय बघायचं, कधी सीटी करायचा, कधी सुई घालून पू काढायचा, याची एक ठरलेली पद्धत बनवली आणि १७ सेंटरमधे टप्प्याटप्प्याने लागू केली. त्याचा निकाल २०२२ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू यातलं काहीतरी होण्याचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ वर आलं, मृत्यू ५ वरून ३ वर. सर्जन तेच, ऑपरेशन तेच, फक्त नंतर लक्ष ठेवण्याची शिस्त बदलली. मला हा अभ्यास फार आवडतो कारण यात कुठलंही मशीन नाही.

आता रोबोटकडे येऊ. पहिली गोष्ट, रोबोट स्वतः काही करत नाही, सर्जन कन्सोलवर, म्हणजे बाजूच्या नियंत्रणाच्या यंत्रावर बसून त्याचे हात चालवतो. यंत्र चांगलंच आहे, दिसतं मोठं आणि त्रिमितीय, मनगटासारखी वळणारी उपकरणं असतात, खोल जागी बारीक टाके घालायला तर छानच, आणि ज्यांचा हात बसलाय त्यांच्याकडे रक्तस्राव कमी होतो, हे मी डोळ्यांनी बघते. पण रोबोटिक व्हिपल शिकायला किती केस लागतात हे अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या टीमने प्रामाणिकपणे छापलंय, २०१५ मधे, स्वतःच्या पहिल्या २०० केसवरून. रक्तस्राव आणि मधेच पोट उघडावं लागणं हे साधारण २० केसनंतर कमी झालं, जोड गळणं ४० नंतर आणि लागणारा वेळ ८० नंतर. आणि ही टीम ओपन व्हिपलमधे आधीच मुरलेली होती! मग जिथे ओपन व्हिपलच वर्षाला तीन-चार होतात तिथे ४० व्या केसपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, आणि तोपर्यंतचे पेशंट कोण, याचा हिशोब तुम्हीच करा.

मशीन नवीन आलं की हॉस्पिटलवर ते वापरात ठेवायचा दबाव असतो हेही खरं. यंत्र महाग, वर्षाचा मेंटेनन्स वेगळा, उपकरणं ठरावीक वेळा वापरली की बाद, ती मोजणी यंत्रच ठेवतं. त्यामुळे "आम्ही ३०० रोबोटिक सर्जरी केल्या" असा बोर्ड लागतो, पण त्यातल्या किती पित्ताशय, हर्निया आणि गर्भाशयाच्या होत्या हे बोर्डवर नसतं. हर्नियाच्या केसमुळे कन्सोलवर हात बसतो, मान्य, पण त्यातून पोर्टल व्हेनला, म्हणजे यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला भोक पडल्यावर काय करायचं हे येत नाही.

आणि रोबोटिक केसमधे सर्जन पेशंटपासून लांब, कन्सोलमधे डोकं घालून बसलेला असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पेशंटजवळ असतो तो असिस्टंट आणि स्क्रब नर्स. सक्शन, क्लिप, स्टेपलर, उपकरण बदलणं सगळं त्यांच्या हातात. मोठी शीर फाटली तर सर्जन रोबोटच्या हाताने दाबून धरतो, असिस्टंटने तेवढ्यात सक्शन नीट धरायचं, नर्सने शिवायचा धागा कापून तयार द्यायचा, मी रक्त सुरू करायचं, आणि नाहीच थांबलं तर रोबोटचे हात सोडवून यंत्र बाजूला करून पोट उघडायचं. सवयीच्या टीममधे हे अक्षरशः मिनिटभरात होतं, कुणाला काही सांगावं लागत नाही, कारण त्यांनी त्याची रिकाम्या टेबलवर तालीम केलेली असते. नवख्या टीममधे मी बघितलंय की सर्जन कन्सोलमधून ओरडतोय आणि नर्स कुठला हात आधी काढायचा हे शोधतेय, आणि कंपनीचा माणूस कोपऱ्यातून सूचना देतोय. तेव्हा माझ्या मॉनिटरवर बीपी उतरत असतं. म्हणून मी संख्या विचारा म्हणते तेव्हा ती फक्त सर्जनची नाही, त्या खोलीतल्या सगळ्यांची.

न्यूकॅसलच्या फ्रीमन हॉस्पिटलची घटना या बाबतीत प्रत्येक रोबोटिक टीमला माहीत असायला हवी. २०१५ मधे तिथे रोबोटने हृदयाची मायट्रल झडप दुरुस्त करायचं ब्रिटनमधलं पहिलंच ऑपरेशन झालं आणि पेशंट काही दिवसांत गेला. २०१८ मधे कॉरोनरपुढे (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे) चौकशी झाली तेव्हा बाहेर आलं की सर्जनचं प्रशिक्षण पुरेसं झालेलं नव्हतं, मदतीला आलेले दोन प्रॉक्टर, म्हणजे शेजारी थांबून मार्गदर्शन करणारे अनुभवी तज्ज्ञ, ऑपरेशन संपायच्या आधीच निघून गेले होते, आणि नेहमीच्या ओपन पद्धतीने केलं असतं तर पेशंट वाचायची शक्यता ९८-९९ टक्के होती असं तिथे सांगितलं गेलं. ते हॉस्पिटल काही छोटं नव्हतं, हृदयासाठी नावाजलेलं आहे. पण त्या विशिष्ट ऑपरेशनची त्यांची संख्या शून्य होती. म्हणून हॉस्पिटलचं नाव मोठं आहे एवढ्यावर जाऊ नका, हेच ऑपरेशन, याच पद्धतीने, किती वेळा, असं विचारा.

नेदरलँड्सचंच अजून एक उदाहरण देते कारण त्यातून योग्य मार्ग कळतो. तिथे दुर्बिणीने व्हिपल करावं की ओपन याची ट्रायल झाली, भाग घेणारी सेंटर वर्षाला किमान २० व्हिपल करणारी, सर्जन प्रशिक्षित. तरी दुर्बिणीच्या ५० पैकी ५ पेशंट दगावले आणि ओपनच्या ४९ पैकी १, म्हणून देखरेख समितीने ट्रायल मधेच थांबवायला लावली. आकडे लहान आहेत, संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक पक्का ठरत नव्हता, तरी त्यांनी थांबवलं आणि २०१९ मधे छापलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यानंतर त्यांनी रोबोट सोडला नाही, पण सात सेंटर निवडली, पिट्सबर्गच्या लोकांकडून शिकून घेतलं, आधी सिम्युलेटर, मग कृत्रिम आतड्यांवर टाके, मग व्हिडिओ, मग प्रॉक्टर शेजारी उभा राहून पहिल्या केस. अशा २७५ रोबोटिक व्हिपलमधे मृत्यू २.५ टक्क्यांच्या आसपास राहिले. म्हणजे रोबोटिक व्हिपल सुरक्षितपणे करता येतं, फक्त ते संख्या असलेल्या ठिकाणी आणि शिस्तीत शिकून. २०१९ मध्ये मायामीत जगभरच्या तज्ज्ञांनी बसून जी मार्गदर्शक तत्त्वं केली त्यातही वर्षाला किमान २० व्हिपल करणाऱ्या सेंटरनेच छोट्या छेदाच्या वाटेला जावं असंच म्हटलंय.

जर्मनीत तर कायद्यानेच किमान संख्या ठरलेली आहे, अन्ननलिकेसाठी २६, स्वादुपिंडासाठी २०२५ पासून २०, तेवढी होत नसतील तर हॉस्पिटलला त्या ऑपरेशनचे पैसेच मिळत नाहीत. आपल्याकडे स्वादुपिंडासाठी असा नियम नाही, आणि हॉस्पिटलने आपले आकडे जाहीर करायची सक्तीही नाही. त्यामुळे विचारायची जबाबदारी दुर्दैवाने तुमच्यावर येते.

कसं विचारायचं? ओपीडीत सरळ, नम्रपणे. डॉक्टर, मागच्या वर्षी या हॉस्पिटलमधे व्हिपल किती झाली, तुम्ही स्वतः किती केली, त्यातली रोबोटने किती, किती वेळा मधे पोट उघडावं लागलं, नव्वद दिवसांत किती पेशंट गेले. चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही, त्याला आकडे पाठ असतात आणि वाईट केसही तो सांगतो. "आमच्याकडे कधी लीक होत नाही" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा, कारण जगातल्या सगळ्यात चांगल्या सेंटरमधेही लीक होतात. पहिल्या काही केसमधलीच असेल तर प्रॉक्टर येणार का आणि पूर्ण वेळ थांबणार का हे विचारा. आणि एक प्रश्न जो कुणीच विचारत नाही, रात्री दोन वाजता पोटात रक्तस्राव झाला तर कॉइल घालणारा डॉक्टर याच हॉस्पिटलमधे आहे का, की दुसरीकडे न्यावं लागेल? माझ्या मते हा एक प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगून जातो.

इन्शुरन्सचंही बघून घ्या. २०१९ मधे आयआरडीएने, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकाने, रोबोटिक सर्जरी पॉलिसीतून वगळू नये असं सांगितलं खरं, पण कंपन्यांना त्यावर मर्यादा घालायची मुभा आहे, त्यामुळे पाच लाखांची पॉलिसी असली तरी रोबोटिकला त्यातला काही भागच मिळेल असं होऊ शकतं. आधी लेखी विचारून घ्या.

प्रोस्टेटचं कुणी विचारेल म्हणून दोन ओळी. तिथे रोबोट आता सर्रास वापरतात, पण ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ट्रायलमधे, २०१६ साली, अनुभवी रोबोटिक सर्जन आणि अनुभवी ओपन सर्जन यांच्यात बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यात फरक दिसला नाही. तिथेही सर्जन कोण हाच मोठा प्रश्न आहे.

आता तुमच्या बाबांचं. दोन-तीन आठवडे थांबल्याने साधारणपणे संधी जात नाही, दोन-तीन महिने मात्र नको. पण मधल्या काळात घाईने स्टेंट (कावीळ उतरवायला पित्तनलिकेत घालायची नळी) टाकून घेऊ नका, ऑपरेशन करणाऱ्या टीमला आधी विचारा. नेदरलँड्सच्याच एका ट्रायलमधे, २०१० च्या, आधी स्टेंट टाकलेल्यांमधे गंभीर गुंतागुंत ७४ टक्के आणि सरळ ऑपरेशन केलेल्यांमधे ३९ टक्के होती. बिलिरुबिन म्हणजे काविळीचा आकडा खूपच चढलाय, थंडी वाजून ताप येतोय किंवा आधी केमो द्यायची ठरलंय तर स्टेंट लागतो, तो निर्णय त्यांचा. आणि टाकायचाच असेल तर स्वादुपिंडासाठीचा खास सीटी स्टेंटच्या आधी करून घ्या, नंतर सूज आली की गाठ रक्तवाहिनीला चिकटलीय का ते नीट कळत नाही. सीटीची फिल्म चालणार नाही, सीडी घ्या, आणि तो ऑपरेशनच्या वेळी चार आठवड्यांपेक्षा जुना झाला तर परत करायला लावतील. तंबाखू-विडी असेल तर आजपासून बंद, रोज चालणं, फुंकायचं स्पायरोमीटर, अंडी-डाळ-पनीर जेवढं जाईल तेवढं, शुगर ताब्यात. शौच तेलकट होत असेल तर एन्झाइमच्या गोळ्यांबद्दल विचारा, त्या जेवताना घ्यायच्या असतात, जेवणानंतर नाही.

मुंबईत राहायची सोय ऑपरेशननंतर किमान तीन आठवड्यांची धरा. डिस्चार्ज मिळाला की लगेच गावाला निघू नका, आठवडाभर हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या अंतरात राहा, तो उशिरा होणारा रक्तस्राव घरी गेल्यावरही होऊ शकतो. पुढची केमो मात्र तुमच्या शहरात घ्यायला काही हरकत नाही, त्यासाठी निघताना ऑपरेशन नोट आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, आणि तुमच्या इथल्या ऑन्कॉलॉजिस्टची वेळ आधीच घेऊन ठेवा.